गर्विष्ठ टोपी

हरणांच्या मोसमाचे पहिले दिवस डोंगरावरच्या कॅम्पात काढून डेलमार बायर्ली मंगळवारी घरी आला, तेव्हा त्याच्या लाल-काळ्या चौकड्यांच्या शर्टाची मागची बाजू अर्धीच उरली होती. त्याची बायको व्हर्ना हिने ते पाहिलं आणि तिला पहिला राग आला तो कापणाऱ्याचा. सव्वीस वर्षं तिने खोऱ्यातल्या शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवल्या होत्या आणि हा शर्ट तिने स्वतः घरी बेतून शिवलेला होता. तो कुणीतरी खिशातल्या चाकूने असा कापला होता, की शेळीने चघळून सोडलाय असं वाटावं.

दुसरा राग यायला थोडा वेळ लागला, कारण आधी विश्वासच बसेना. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत एक कायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. हरणावर गोळी झाडून जो चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव आणि तारीख घालायची आणि कॅम्पाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. वारा होता, पाय घसरला, डोळ्यात घाम गेला, काही ऐकून घेत नाहीत. त्यांच्या हेमलॉक रनच्या कॅम्पात अशी साठ-सत्तर शेपटं लोंबत होती आणि डेलमारचं त्यात एकही नव्हतं. बावन्न मोसमांत एकही नाही. उलट दुसऱ्यांची कापताना सर्वांत जास्त चेव त्यालाच यायचा.

"चुकलो," तो म्हणाला आणि बूट काढू लागला.

व्हर्नाने खोदून विचारलं तेव्हा त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. लॉरेलच्या खिंडीतल्या मचाणावर तो बसला होता. हरीण पळायला लागलं तेव्हा कुठे त्याला दिसलं. त्याने झाडीतून मागून एक गोळी घातली, ती कुठेतरी गेली. पण त्याचा भाचा गॅलन, जो आता कॅम्पाचा म्होरक्या होता, खुणा बघायला खाली उतरला, तर बर्फात खुरांचे ठसे स्पष्ट होते. हरीण साठ पावलांवर, उघड्यावर, निवांत उभं राहून गेलं होतं. आठ फाट्यांच्या शिंगांचं. आणि ते मामाला दिसलं नव्हतं.

व्हर्नाला हे पटेना. हा माणूस गप्पांत वीतभर मासा हातभर करणारा, स्वतःच्या मोठेपणात कधी मीठ कमी न घालणारा. तो आज "मला दिसलं नाही" म्हणतो आणि वर सारवासारवही करत नाही. पण बावन्न वर्षं संसार केलेला नवरा स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हटल्यावर बायकोने किती उलटतपासणी करायची? तिने मनातल्या मनात म्हटलं, म्हातारा झाला. आणि तिला त्याचा रागच आला, जसा आपल्या माणसाच्या म्हातारपणाचा येतो.

पुढचा आठवडा वाईट गेला. नाक्यावरच्या कॉफीच्या हॉटेलात डेलमारच्या बशीशेजारी कुणीतरी लहान मुलांचा प्लास्टिकचा चष्मा ठेवला. रविवारी चर्चच्या पायरीवर एकाने त्याचा हात धरून "जपून, इथे पायरी आहे" म्हटलं. डेलमार सगळ्यांबरोबर हसला. सोमवारी व्हर्ना त्याला शेजारच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढून घेऊन गेली. डॉक्टरने अर्धा तास तपासून सांगितलं, की वाचायचा चष्मा सोडला तर या माणसाला काहीही नको, सत्तर वर्षांच्या माणसाचे इतके चांगले डोळे आपण वर्षभरात पाहिलेले नाहीत. व्हर्नाला वाटलं, आता हा गावभर दवंडी पिटेल. डेलमारने कागदाची घडी केली, गाडीच्या खणात टाकली आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

मग मंगळवारी गॅलनचा फोन आला. मोसमाचा शेवटचा दिवस शनिवार. गॅलनने मामाला फार गोड आवाजात सांगितलं, की खिंडीतलं मचाण या वेळी दुसऱ्याला देतोय, मामाने आता कॅम्पाचं स्वयंपाकघर सांभाळावं, इतकी वर्षं थंडीत काढली, आता शेगडीजवळ बसावं. यंदापुरतं नव्हे, कायमचंच. व्हर्ना घरातल्या दुसऱ्या फोनवरून सगळं ऐकत होती. ते मचाण डेलमारच्या बापाने बांधलेलं होतं. तिला वाटलं, आता हा भाच्याची अशी काही उतरवेल की तारा वितळतील. डेलमार म्हणाला, "बरं. किती जणांचं जेवण?"

त्या क्षणी व्हर्नाला त्याच्या या निमूटपणाची भीती वाटली.

बुधवारी तिने त्याचा नारिंगी कोट धुवायला घेतला. एरवी तो मोसम संपेपर्यंत कोटाला पाणी लागू देत नसे, साबणाचा वास हरणाला येतो म्हणून. पण आता स्वयंपाक्याला कोट कशाला लागतो? खिसे रिकामे करायची तिची जुनी सवय. डाव्या खिशाचं अस्तर उसवलेलं होतं आणि त्यातून खाली, कोटाच्या घडीत, काहीतरी जड सरकलेलं हाताला लागलं. तिने बोटं घालून काढलं. काडतूस होतं. न उडालेलं, गोळीसकट अख्खं. तिने ते उलटं केलं. बुडाच्या टोपीवर बंदुकीच्या सुईचा ठोका बसलेला होता, ठसठशीत.

व्हर्ना धुण्याच्या यंत्राजवळच्या स्टुलावर बसली.

ते काडतूस तिने भरलेलं होतं. त्या घरातलं प्रत्येक काडतूस तीच भरायची, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून. डेलमार तेव्हा तळघरात बसून आपल्या जाडजूड बोटांनी बंदुकीची दारू सांडत होता, टोप्या उलट्या लावत होता. ती दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी "सरक" म्हणाली. तेव्हापासून तो सरकलेलाच होता. कारखान्यात जिच्या कॉलरीला कधी तपासनिसाने हात लावला नाही तिने काडतुसंही तशीच केली. रिकामी पितळी पुंगळी घासायची, नव्याने आकाराला आणायची, तिच्या बुडाशी, ठोका बसला की ठिणगी देणारी, मसुराएवढी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. आपल्याकडे टोपी घालतात ती दुसऱ्याला. व्हर्ना घालायची ती पितळेला, आणि तिने आजवर कुणाला फसवलं नव्हतं. कॅम्पात डेलमार अर्धी बढाई स्वतःच्या नेमाची मारायचा आणि अर्धी बायकोच्या काडतुसांची. "माझ्या बायकोचं काडतूस," तो म्हणायचा, "नाही कधी म्हणत नाही."

आणि हे काडतूस नाही म्हणालं होतं.

कसं म्हणालं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. टोपी पुंगळीच्या खळग्यात अगदी तळाला टेकलेली असावी लागते. ती वर राहिली तर बंदुकीच्या सुईचा ठोका तिला खाली ढकलण्यातच खर्च होतो, ठिणगी पडत नाही, नुसता खट्ट आवाज येतो. तिकडच्या कारागिरांच्या बोलीत, जे काही बेताच्या वर डोकं काढून राहतं, लाकडातला खिळा असो की पितळेतली टोपी, त्याला गर्विष्ठ म्हणतात. व्हर्नाने उरलेली सतरा काडतुसं आणली आणि आरशाच्या तुकड्यावर एकेक उभं केलं. ज्याची टोपी नीट बसलेली असते ते काडतूस काचेवर खांबासारखं उभं राहतं. सतरापैकी पाच डुगडुगली. पाच गर्विष्ठ.

तिला ऑक्टोबरमधली ती दुपार आठवली. टोप्या बसवायचं तिचं अवजार हातात धरायचं होतं, पकडीसारखं, अंगठ्याने दांडी दाबायची. घरात त्याला सगळे पक्कडच म्हणत. एका पकडीवर तिने सारी उमर काढली होती. पण गेल्या हिवाळ्यापासून तिच्या उजव्या अंगठ्याचं बूड सुजत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, डेलमारलाही नाही. बरणीचं झाकण उघडेना तर ती नळाखाली धरून उघडायची आणि वर "हल्ली झाकणं नीट बनवत नाहीत" म्हणायची. त्या दुपारी शेवटची दहा-बारा काडतुसं तिने पक्कड पोटाशी धरून, दोन्ही हातांनी दाबली होती. बसवल्यावर टोपीवरून बोट फिरवायचा तिचा नियम. तिने फिरवलं होतं. बोटालाच तेव्हा काही कळत नव्हतं.

म्हणजे हरीण साठ पावलांवर उभं होतं आणि डेलमारला ते दिसलं होतं. त्याने नेम धरला, चाप ओढला, खट्ट झालं. हरीण उधळलं. त्याने दुसरं काडतूस लावून मागून गोळी घातली आणि पहिलं उचलून खिशात टाकलं. मग कॅम्पात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की मला दिसलंच नाही. शर्ट कापून घेतला. चष्मा सोसला. बापाचं मचाण सोडलं. हे सगळं का, ते व्हर्नाला कळलं तेव्हा तिला रडू आलं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

गुरुवारी सकाळी ती एकटीच मर्विन झर्बीच्या दुकानात गेली. मर्विनकडे बंदुका, गळ, रंगाचे डबे आणि काडतुसं भरायचं सामान असं सगळं एका छपराखाली असे. तो चाळिशीचा, बडबड्या. टोप्या बसवायचं अवजार दाखव म्हटल्यावर त्याने तोंड बारीक करून विचारलं, डेलमारकाकांसाठी का, डोळ्यांमुळे आता पक्कड जमत नसेल. व्हर्ना म्हणाली, डेलमारने आयुष्यात एक टोपी धड बसवलेली नाही, तू अवजारं काढ.

त्याने पहिली काढली ती नवीच पक्कड. वजनाला हलकी, दांडी लांब, बायकांना हीच आवडते म्हणाला. व्हर्नाने जेवणाच्या डब्यातून बरोबर आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या आणि जुन्या, जळून मेलेल्या टोप्या काउंटरवर ओतल्या. मेलेल्या टोपीने नुसता दाब कळतो, तेवढाच तिला कळायला हवा होता. तिने एक पुंगळी पकडीत घातली आणि दाबली. अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली. तिने चेहरा हलू दिला नाही. दुसरी दाबली. तिसरीला टोपी अर्ध्यावर राहिली. मर्विन छताकडे बघत होता. चांगला मुलगा होता तो.

मग त्याने गोळी दाबायच्या प्रेसवरच बसणारं जोडकाम दाखवलं. ते व्हर्नाने हात न लावताच बाजूला सारलं. तिच्या मते प्रेसवर टोपी बसवणं म्हणजे जात्याखाली घालून लवंग मोडणं. जोर भरपूर, कळत काही नाही. त्यानंतर त्याने एक भारीतलं यंत्र पुढे केलं, त्यात नळीतून टोप्या आपोआप येतात, माणसाने नुसतं बसून राहायचं. "मग ते काडतूस कुणी भरलं म्हणायचं?" तिने विचारलं. मर्विनने यंत्र परत फळीवर ठेवलं.

शेवटचं होतं टेबलाला स्क्रूने आवळून बसवायचं, हातभर लांब दांड्याचं. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. या दांड्याची तिने सगळीकडे टर उडवलेली होती. ज्यांचे हात गेलेत त्यांच्यासाठी आहे ते, असं ती म्हणायची. पाण्याचा पंप म्हणायची. मर्विनच्या बापाला, याच दुकानात, याच काउंटरवर म्हणाली होती. दांडा इतका लांब की जोर लागतच नाही, आणि जोर लागला नाही तर टोपी तळाला टेकली हे हाताला कळणार कसं? तळाला टेकल्याचं कळणं, हीच तर सगळी विद्या.

मर्विन हळूच म्हणाला, "व्हर्नाबाई, पक्कडच घेऊन जा. सवयीचं बरं असतं."

तो तिला वाट काढून देत होता. तिला तेवढंच करायचं होतं, पक्कड पिशवीत टाकायची, घरी जायचं, आणि कुणाला काही कळलं नसतं. तिने काउंटरवर उजवा हात उताणा ठेवला, अंगठ्याचं सुजलेलं बूड वर.

"हा गेला," ती म्हणाली. "वर्ष झालं. तो दांडा टेबलाला लाव."

हे वाक्य तिने पहिल्यांदाच कुणासमोर उच्चारलं होतं, आणि तेही नवऱ्यासमोर नव्हे, रंगाच्या डब्यांसमोर. मर्विनने दांडा आवळून दिला. व्हर्ना स्टुलावर बसली. अंगठा बाहेरच ठेवून तिने दांड्यावर तळव्याची टाच ठेवली आणि डोळे मिटले. पहिल्या दोन पुंगळ्यांत काहीच कळलं नाही, नुसता दांडा खाली गेला. तिसरीला तिने खांदा सैल सोडला. तेव्हा लक्षात आलं, आधी पितळ घासत असल्यासारखं काहीतरी सरकतं, मग बारीकसं थांबतं. चौथीला पुन्हा तेच. कारखान्यात जाड कापडाच्या चार पदरांतून सुई गेली की पायाला कळायचं, तिकडे कुठे अंगठा होता? तिने वीस पुंगळ्या केल्या, काच मागितली आणि त्या एकेक करून उभ्या केल्या. मर्विनने वाकून पाहिलं. एकही हलली नाही.

"बांध," व्हर्ना म्हणाली. "आणि शनिवारपर्यंत तोंड बंद ठेव."

शुक्रवारी सकाळी तिने दांडा तळघरातल्या टेबलाला बसवला. सतरा काडतुसं तिने मोडली, डुगडुगणारी पाचच नव्हे, सगळी. गोळ्या उपटल्या, दारू बाजूला काढली, त्या पुंगळ्या एका डब्यात टाकल्या आणि नव्या घासलेल्या वीस घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. दुपारी डेलमार कॅम्पाला निघण्याआधी सांगायला जिना उतरून आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. त्याने दांडा पाहिला. मग टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेलं ते ठोका बसलेलं काडतूस पाहिलं.

"हे कशाला आणलंस," तो दांड्याकडे बघून म्हणाला. "मी चुकलो होतो."

"आयुष्यभर तू खोटं बोललास ते स्वतःला मोठं करायला," व्हर्ना म्हणाली. "ते मी ऐकून घेतलं. हे नाही ऐकून घेणार."

डेलमार पायरीवर बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "शर्टाचं शेपूट गेलं, चार जण हसले. हसून हसून किती हसतील? तुझ्या काडतुसाचं नाव गेलं असतं तर ते मी कुठून आणलं असतं?"

तिने दांडा दाबला, टोपी तळाला टेकली, तिने पुंगळी बाजूला ठेवली. तो जवळ आला आणि त्याने तिचा उजवा हात घेऊन उलटा करून पाहिला, जसा दुकानात तिने स्वतः दाखवला होता. बरणीच्या झाकणांबद्दल त्याला शंका होतीच, तो म्हणाला. मग तिच्याकडून वचन मागू लागला, की कॅम्पात कुणाला यातलं काही कळता कामा नये, झालं ते झालं, त्याला स्वयंपाक आवडतो. व्हर्नाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बायकोच्या अशा गप्प बसण्याला हो समजायची चूक त्याने पुन्हा एकदा केली आणि गाडी घेऊन डोंगरावर गेला.

शनिवारी दुपारी, सगळे जेवायला खाली येतात त्या वेळी, व्हर्नाने आपली जुनी पिकअप गाडी कॅम्पासमोर उभी केली. मोसमात तिथे बायका येत नाहीत. बंदी नाही, पण येत नाहीत. तिने दार ढकललं तेव्हा आत दहा-बारा माणसं ओल्या मोज्यांत बसलेली होती, आणि डेलमार कमरेला एप्रन बांधून हॅम आणि घेवड्याच्या शेंगांच्या मोठ्या पातेल्याशी उभा होता. त्याच्या पाठीमागे भिंतीवर ती सगळी शेपटं, आणि त्यांत सर्वांत नवं लाल-काळ्या चौकड्यांचं, वेडंवाकडं कापलेलं. कुणीतरी त्यावर नावाखाली चष्म्याचं चित्र काढलं होतं.

गॅलन उठून उभा राहिला. "मामी, काही झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

तिने पिशवीतून कारखान्यातली मोठी कात्री काढली. निळ्या फुलांचं आपलं ब्लाउज तिने मागून स्कर्टमधून ओढलं, खांद्यावरून मान वळवून न बघताच कात्री लावली, आणि वीतभर रुंद पट्टी एका रेषेत सरळ कापली. डेलमार तिचं नाव घेऊन पुढे आला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. टेबलावरचं शाईचं पेन घेऊन तिने पट्टीवर लिहिलं, व्हर्ना बायर्ली, खाली मोसमाच्या पहिल्या दिवसाची तारीख, आणि त्याखाली: टोपी गर्विष्ठ राहिली. मग हातोडी मागितली. कुणी हलेना, म्हणून स्वतःच घेतली आणि डाव्या हाताने खिळा ठोकला.

"याला हरीण दिसलं होतं," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "उभं असतानाच दिसलं. याने चाप ओढला आणि माझं काडतूस पेटलं नाही. माझा अंगठा गेलाय आणि मी ते लपवलं. हा चुकला नाही, मी चुकले. आणि माझं नाव जाऊ नये म्हणून हा आंधळा झाला."

डेलमारचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, आणि लाजेने नव्हे. आपली बायको बारा माणसांसमोर कशी उभी आहे ते तो बघत होता, आणि बावन्न मोसमांत मारलेल्या कुठल्याही हरणाकडे त्याने असं पाहिलं नसेल. गॅलन मात्र जमिनीकडे बघत होता. प्लास्टिकचा चष्मा त्यानेच आणला होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीत हार्वे लॉबाक बसला होता. तो अठ्ठ्याऐंशीचा, कॅम्प बांधणाऱ्यांपैकी शेवटचा उरलेला, गॅलनचा चुलता. त्याने काठी दारावरच्या फळीकडे रोखली आणि पुतण्याला तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. फळी काजळून इतकी काळी झाली होती, की गॅलनला बाकावर चढावं लागलं.

"भिंतीवर ज्याचं कापड, तो कॅम्पाचा," त्याने वाचलं. "शेवटच्या दिवशी तो मागेल ते मचाण त्याला द्यावं." मग खाली बघून म्हणाला, "काका, हे पुरुषांसाठी लिहिलंय."

"तसं लिहिलंय का तिथे?"

गॅलनने पुन्हा वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं.

"मग विचार तिला," हार्वे म्हणाला.

गॅलन बाकावरून उतरला. त्याने घसा साफ केला. हसावं की नाही ते त्याला समजत नव्हतं. "मामी," तो म्हणाला, "कुठलं मचाण पाहिजे?"

"लॉरेलच्या खिंडीतलं."

"आणि तू बसणार तिथे? चार वाजेपर्यंत, या थंडीत?"

"मी कशाला गारठू?" व्हर्ना म्हणाली. तिने पिशवीतून वीस काडतुसांची पेटी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. "माझ्या जागी डेलमार बसेल. काडतुसं माझी, डोळे त्याचे."

कुणी वाद घातला नाही. डेलमारने पेटीतून पाच काडतुसं उचलली आणि खिशात टाकली. बंदूक पिकअपमध्ये आहे, कोटही धुऊन आणलाय, व्हर्नाने सांगितलं, साबणाचा वास येतोय त्याला इलाज नाही. मग डेलमारने एप्रनची गाठ सोडली, तो टांगायला खुंटी शोधली, आणि खुंटी सापडेना म्हणून तो गॅलनच्या गळ्यात घातला. बाहेर बर्फावर त्याच्या बुटांचा आवाज खिंडीच्या दिशेने जात राहिला. गॅलन एप्रन घालून तिथेच उभा होता.

"शेंगा ढवळ," व्हर्ना त्याला म्हणाली, "बुडाला लागतील."

गॅलन पातेल्याकडे गेला आणि ढवळू लागला.